हिरवा घोळाणा : महिला मंडळासाठी एक पाठ

शास्त्रवाचन : नीतिसूत्रे १५:१७, करिंथकरांस पहिले पत्र ११:२०-२२ आणि ३३
वेळ : एक तास
उद्देश : कच्चा हिरवा पाला स्वच्छ करून, घरच्या घरी केलेल्या लिंबू-तेलाच्या मसाल्यात कालवून, घरातील सर्वांनी एका वेळी कसा खावा हे शिकणे



सातपुड्याच्या पाड्यांवर आम्ही आहाराचे जे वर्ग घेतो, त्यांतील एक पाठ या अंकात देत आहे. आपल्या मंडळीतील महिला मंडळात, तरुण संघात किंवा घरच्या घरीही तो घेता येईल. पाड्यावर आम्ही काय शिकवतो, हे आपल्याला यातून कळेलच. शिवाय हा पदार्थ शहरातील घरांनाही तितकाच उपयोगी आहे.

घोळाणा म्हणजे काय?

सॅलड म्हटले की हॉटेलातील काकडी-टोमॅटोच्या चकत्या आणि बाटलीतील पांढरे मेयोनीज डोळ्यांपुढे येते. ते आपले नव्हे, महाग आहे, असे वाटून आपण ते सोडून देतो. पण कच्चा पाला कालवून खाण्याची रीत आपल्याकडे जुनीच आहे. खानदेशात आणि विदर्भात थंडीच्या दिवसांत कोवळी मेथी, कांद्याची पात किंवा हरभऱ्याचा पाला बारीक चिरतात, त्यावर कच्चे तेल, तिखट, मीठ आणि दाण्याचा कूट घालतात आणि भाकरीबरोबर खातात. त्याला घोळाणा म्हणतात. पाला तेल-तिखटात घोळायचा, एवढीच त्याची कृती.

म्हणून या वर्गाची सुरुवात मी कधीही ‘सॅलड’ या शब्दाने करत नाही. ज्या घरात ओली मिरची, मीठ आणि कच्चा कांदा भाकरीबरोबर रोज खाल्ला जातो, तिथे कच्चे खाणे नव्याने शिकवावे लागत नाही. शिकवायच्या गोष्टी तीनच आहेत : पाला कोणता, तो धुवायचा कसा आणि त्याला लिंबू व तेल कशासाठी. चौथी गोष्ट पाठाच्या शेवटी येते. ती स्वयंपाकाची नाही, पण माझ्या मते सर्वांत महत्त्वाची तीच आहे.

कोणता पाला घ्यावा, कोणता घेऊ नये

कच्चा खाण्यास योग्य असा पाला : कोवळी मेथी, कांद्याची पात, मुळ्याची आतली कोवळी पाने, हरभऱ्याचे कोवळे शेंडे, कोथिंबीर आणि घोळ. चिंचेचा कोवळा चिगूर मिळाला तर मूठभर घालावा, छान आंबटपणा येतो. पाला जितका कोवळा तितका बरा. जून मेथी कडू लागते आणि मुळ्याची मोठी पाने चरचरीत होतात. अशी पाने शिजवण्यासाठी ठेवावीत.

आता दुसरी बाजू. रानात मिळते म्हणून प्रत्येक भाजी कच्ची खाता येत नाही. अळू, रानातील तेरा, शेवळे, लोत आणि सुरणाचा पाला यांत सुईसारखे अतिशय बारीक स्फटिक असतात. कच्चे पान तोंडात गेले तर घसा खाजतो आणि सुजतो. म्हणून आपल्या आज्या-पणज्या शेवळ्यात काकडाची फळे आणि अळवात चिंच घालून चांगले शिजवत आल्या आहेत. कुरडू आणि टाकळा यांचीही भाजीच करावी. रानभाज्यांची पारख डोंगरातील वयस्क बायांना आमच्यापेक्षा कितीतरी जास्त असते. वर्गात हा भाग मी त्यांनाच सांगायला लावते. त्या पाने हातात घेऊन मुलींना दाखवतात, आणि ती ओळख तक्त्यावरच्या चित्रापेक्षा पक्की होते.

हा पदार्थ हिवाळ्याचा आहे. पावसाळ्यात पाल्यावर चिखल उडतो, पाणी गढूळ असते आणि जुलाबाची साथ असते. त्या महिन्यांत कच्चा पाला खाऊ नये, भाजी शिजवूनच खावी.

धुणे : या पाठाचा अर्धा भाग

शिजवलेल्या भाजीतील जंतू आगीने मरतात. कच्च्या पाल्याला ती आग लागत नाही, म्हणून धुण्याचे काम अधिक जबाबदारीचे आहे. जंतांची अंडी आणि जुलाबाचे जंतू मातीबरोबर पानाला चिकटून येतात. ज्या घरात मुलांना जंत आहेत तिथे पौष्टिक खाल्लेलेही अंगी लागत नाही.

१. जुडी सोडून सडलेली, पिवळी आणि किडीने खाल्लेली पाने काढून टाकावीत. मुळे आणि जाड देठ कापावेत.

२. मोठ्या पातेल्यात भरपूर पाणी घेऊन पाला त्यात बुडवावा, हाताने हलवावा आणि उचलून घ्यावा. पाणी पाल्यावरून ओतून टाकू नये, नाहीतर तळाशी बसलेली माती पुन्हा पानावर येते. असे तीन वेळा, दर वेळी नवे पाणी घेऊन करावे.

३. मग मिठाच्या पाण्यात दहा मिनिटे ठेवावा. त्याने पानामागील बारीक किडे आणि माती सुटते. जंतू मात्र मिठाने मरत नाहीत, हे लक्षात ठेवावे.

४. शेवटचे धुणे उकळून गार केलेल्या पाण्याने, किंवा आशाताई देतात ते जंतुनाशक औषध बाटलीवरील सूचनेप्रमाणे घालून अर्धा तास ठेवलेल्या पाण्याने करावे.

५. पाला स्वच्छ सुती कापडात बांधून अंगणात गरगर फिरवावा. पाणी उडून जाते. हे काम मुलांना द्यावे, ती आनंदाने करतात. पाला कोरडा झाला नाही तर मसाला पानाला चिकटत नाही, तळाशी जाऊन बसतो.

६. विळी, सुरी, पाट आणि हात साबणाने धुऊन मगच चिरावे. आधी धुवावे, नंतर चिरावे. चिरून धुतल्यास जीवनसत्त्वे पाण्याबरोबर जातात.

हरभऱ्याच्या पाल्यावरून वर्गात नेहमी वाद होतो. एखादी आजी म्हणते, “ताई, हरभरा धुतला की त्याची आंब जाते. मग खायचं काय?” तिचे म्हणणे खरे आहे. हरभऱ्याच्या पानावरचा आंबट रस धुण्याने जातो, म्हणून तो न धुता शिजवण्याची रीत पडली. पण शिजवायचा असेल तर गोष्ट वेगळी, कच्चा खायचा तर धुवावाच लागेल. गेलेली आंब आपण लिंबाने भरून काढू. हे ऐकल्यावर आजीचे समाधान होते, आणि लिंबाचे काम काय हे बाकीच्यांनाही कळते.

ज्यांच्याकडे परसबाग आहे त्यांनी आणखी एक काळजी घ्यावी. भांडी घासलेले पाणी वाफ्याला सोडणे ही काटकसरीची चांगली सवय आहे, पण कच्चा खायचा पाला ज्या वाफ्यात आहे तिथे ते सोडू नये. ओले शेणही घालू नये, पूर्ण कुजलेले खत घालावे. वाफ्याला काट्यांचे कुंपण हवे, म्हणजे कोंबड्या आणि कुत्री आत जात नाहीत. खाटेएवढ्या जागेत मेथी पेरली तर महिन्याभरात खुडायला येते. दर आठवड्याला थोडी थोडी पेरली तर थंडीभर पुरते.

मसाला : लिंबू आणि तेल

पाच-सहा माणसांसाठी साहित्य :

पाल्यासाठी : खुडलेली कोवळी मेथी दोन वाट्या, कांद्याची पात पाच-सहा काड्या, मुळ्याची कोवळी पाने पाच-सहा, कोथिंबीर मूठभर.

मसाल्यासाठी : शेंगदाणे अर्धी वाटी, लसूण चार पाकळ्या, हिरव्या मिरच्या दोन (किंवा लाल तिखट एक लहान चमचा), मीठ अर्धा लहान चमचा, सुपारीएवढा गूळ, एक मोठे रसाळ लिंबू, शेंगदाण्याचे कच्चे तेल दोन मोठे चमचे.

कृती : शेंगदाणे निवडून घ्यावेत. काळे पडलेले, सुरकुतलेले किंवा बुरशी आलेले दाणे फेकून द्यावेत, कारण बुरशीचे विष भाजल्याने पूर्णपणे जात नाही. चांगले दाणे मंद आचेवर भाजून, साले पाखडून, भरड कुटावेत. लसूण, मिरची आणि मीठ पाट्यावर किंवा खलबत्त्यात बारीक करावे. ते वाडग्यात घेऊन त्यात चिरलेला गूळ आणि लिंबाचा रस घालावा आणि गूळ विरघळेपर्यंत ढवळावे. आता तेल एकदम न ओतता थोडे थोडे घालत चमच्याने फेटावे. रस आणि तेल मिळून दाटसर दिसू लागते. शेवटी दाण्याचा कूट घालावा. कूट दोघांना धरून ठेवतो, त्यामुळे तेल लवकर वेगळे होत नाही. पाट्याची सोय नसेल तर सर्व काही झाकणाच्या बाटलीत घालून जोराने हलवले तरी चालते.

तेल ताजे असावे. तळणाचे उरलेले तेल वापरू नये. हा मसाला रोज लागेल तेवढाच करावा. कच्चा लसूण घातलेले तेल साठवून ठेवणे बरे नाही.

लिंबू नसेल तर? धडगाव भागात घरोघरी आमचूर असते. कैऱ्या कापून वाळवणे आणि विकणे हा तिथला उन्हाळ्याचा व्यवसाय आहे. आमचुराने आंबटपणा उत्तम येतो. मात्र उन्हात वाळताना कैरीतील क जीवनसत्त्व बरेच कमी होते. म्हणून लिंबू नसल्यास हिवाळ्यात आवळा किसून घालावा. आवळ्यात हे जीवनसत्त्व लिंबापेक्षा कितीतरी जास्त असते आणि रानात तो विकत घ्यावा लागत नाही.

आता पाला बारीक चिरून परातीत घ्यावा, वर मसाला घालावा आणि हलक्या हाताने घोळावा. मीठ लागताच पाला पाणी सोडू लागतो. म्हणून ताटे मांडल्यावरच घोळायचे, आधी नाही.

लिंबू-तेल कशासाठी?

ते केवळ चवीसाठी नाहीत. पालेभाजीत, डाळीत आणि भाकरीत जे लोह असते ते शरीराला सहज घेता येत नाही. त्याच जेवणात क जीवनसत्त्व असले तर अधिक लोह रक्तात जाते. क जीवनसत्त्व उष्णतेने नष्ट होते, म्हणून लिंबू चुलीवरच्या भाजीत उकळण्यापेक्षा कच्चे पिळलेले चांगले. हिरव्या पानातून शरीर अ जीवनसत्त्व तयार करते. ते डोळ्यांसाठी लागते, पण जेवणात थोडे तेल असेल तरच ते नीट अंगी लागते. गर्भवती बहिणीला लागणारे फोलेटही हिरव्या पानात असते आणि फार शिजवल्याने कमी होते. एका चमच्यात लिंबू आणि तेल एकत्र आले की पानातील बराचसा ठेवा आपल्याला मिळतो.

जेवणावर लगेच चहा घेतला तर मात्र हे लोह वाया जाते. चहा आणि जेवण यांत निदान एक तासाचे अंतर ठेवावे.

हे एवढ्या आग्रहाने सांगण्याचे कारण आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या दर १०० स्त्रियांपैकी सुमारे ५४ स्त्रियांमध्ये रक्ताची कमतरता आहे. म्हणजे आपल्या महिला मंडळात दहा बहिणी बसल्या असतील, तर त्यांतही अशा काही असणारच. हा प्रश्न केवळ डोंगरातला नाही.

पण एक इशारा दिल्याशिवाय हा पाठ कोणीही घेऊ नये. घोळाणा हे अन्न आहे, औषध नाही. दवाखान्यातून मिळालेल्या लोहाच्या गोळ्या बंद करून पाला खाऊ नये, दोन्ही चालू ठेवावे. शिवाय आदिवासी भागात सिकलसेल हा आनुवंशिक आजार बराच आढळतो. त्यात रक्तातील तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात आणि लवकर नष्ट होतात. हा आजार लोहाने बरा होत नाही आणि अशा रुग्णाने डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय लोहाच्या गोळ्याही घेऊ नयेत. वारंवार सांधे दुखणे, डोळे पिवळे होणे, सतत थकवा अशी लक्षणे असतील तर रक्त तपासून घ्यावे. लग्न ठरवण्यापूर्वी दोघांनीही तपासणी करावी. लहान मुलांना कच्चा पाला आणि दाणे चावता येत नाहीत, घशात अडकतात. त्यांना भाजी शिजवून, घोटून द्यावी.

ताट कोणाचे?

आता ती चौथी गोष्ट. वर्गात आम्ही घोळाण्याची दोन ताटे करतो. एक वर्गाच्या सुरुवातीलाच घोळून बाजूला झाकून ठेवतो, दुसरे शेवटी सर्वांसमोर घोळतो. मग दोन्ही शेजारी ठेवतो. ताज्या ताटातील पाला टवटवीत आणि कुरकुरीत असतो. तासापूर्वीच्या ताटात पाला मलूल झालेला आणि तळाशी तिखट पाणी साचलेले असते.

मी विचारते, “घरी हे दुसरं ताट कोणाच्या वाट्याला येतं?”

आधी हसू होते, मग थोडी शांतता. मग कोणीतरी म्हणते, “आमच्याच की, ताई.” पाड्यावर हेच उत्तर मिळते आणि शहरातील मंडळ्यांतही हेच मिळाले आहे. आधी पुरुष, मग मुले, मग सासूबाई आणि शेवटी सून. ज्या बहिणीला पाल्याची सर्वाधिक गरज आहे, तिच्यापर्यंत परात पोहोचते तेव्हा तिच्यात पाणीच उरलेले असते.

पौल करिंथकरांस लिहितो तेव्हा तिथल्या मंडळीत नेमके असेच चालले होते. सर्व जण एकत्र येत, पण ज्यांच्याजवळ होते ते आधीच खाऊन घेत आणि दुसरे भुकेले राहत. पौलाला हे साधे वाटत नाही. असे करून तुम्ही देवाच्या मंडळीला तुच्छ लेखता आणि ज्यांच्याजवळ काही नाही त्यांना लाजवता, असे तो म्हणतो. आणि त्यावर त्याचा उपाय अगदी घरगुती आहे : जेवायला जमाल तेव्हा एकमेकांसाठी थांबा. नीतिसूत्रांतील वचनही आपण वाचले. पुष्ट बैलाच्या मेजवानीपेक्षा प्रेमाने वाढलेले पालेभाजीचे साधे जेवण अधिक चांगले, असे ते सांगते. पालेभाजी आपल्याकडे आहेच. प्रेम कुठे दिसते, तर वाढण्याच्या क्रमात.

राज्याच्या आदिवासी भागात २०१५ पासून अमृत आहार योजना सुरू आहे. तिच्यात गर्भवती आणि स्तनदा मातांना अंगणवाडीत बसवून एक वेळचे पूर्ण जेवण दिले जाते. ते ताट तिथेच, तिच्यासमोर वाढले जाते, हे मला त्या योजनेत फार मोलाचे वाटते. घरी पाठवलेला शिधा सर्वांत वाटला जातो, समोर वाढलेले ताट तिचे राहते. आपल्या घरातही असे ताट वाढता येईल. घोळाणा त्यासाठी सोयीचा आहे, कारण तो थांबत नाही. सर्व जण बसल्याशिवाय तो घोळताच येत नाही. आणि एकत्र बसणे खरोखरच शक्य नसेल, तर शेवटी जेवणाऱ्या बहिणीचा पाला आणि मसाला वेगळा काढून ठेवावा. तिने बसल्यावर स्वतःच्या हाताने घोळावा.

पाठ घेणाऱ्यांसाठी सूचना

पाला आदल्या दिवशी आणू नका, सकाळी आणा. पहिले ताट वर्ग सुरू होताच घोळून ठेवायला विसरू नका. धुण्याची सहाही कामे बहिणींना वाटून द्या, नुसते सांगू नका. शक्य असेल तर पुरुषांनाही बोलवा. दुसऱ्या ताटाचा प्रश्न त्यांच्यासमोर विचारला तर त्याचा उपयोग अधिक होतो. पाठानंतर ताजे ताट सर्वांनी मिळून भाकरीबरोबर खावे. पहिले ताटही टाकून देऊ नये. त्यात थोडे बेसन पेरून परतले की त्याची झुणक्यासारखी चांगली भाजी होते.

चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या घरात वाढण्याचा क्रम काय आहे? तो कोणी ठरवला?

२. आपल्या भागात कच्च्या खाता येतील अशा आणखी कोणत्या भाज्या मिळतात? त्यांची खात्रीशीर ओळख कोणाला आहे?

३. करिंथ येथील मंडळीत कोण भुकेले राहत असावे? आपल्या मंडळीच्या प्रीतिभोजनात शेवटच्या पंगतीला कोण बसते?

४. येत्या आठवड्यात एक जेवण सर्वांनी एकत्र बसून घ्यायचे ठरवले, तर घरातील कोणते काम कोणी उचलावे लागेल?

प्रार्थना

हे दयाळू पित्या, शेतात आणि रानात तू आमच्यासाठी हिरवा पाला उगवतोस, त्याबद्दल तुझे उपकार मानतो. तो स्वच्छ हातांनी धुण्याची आणि समान हातांनी वाढण्याची बुद्धी आम्हांला दे. जी सर्वांना वाढून शेवटी बसते, तिच्यासाठी थांबायला आम्हांला शिकव. प्रभू येशूच्या नावाने मागतो. आमेन.